दहा चोवीसचं धुराडं

"सर, तिथे धुराडं नव्हतं," ती म्हणाली, आणि माझ्या हातातल्या कपातला चहा हलला. फार नाही, बशीत चार थेंब सांडले एवढंच. पण माझ्या हातून चहा सांडत नाही. वादळात सांडलेला नाही. एकदा उतरताना विमानाचं चाक निखळून माझ्या आधी धावपट्टीच्या टोकाला जाऊन पोचलं, तेव्हाही नाही. (ही गोष्ट मी वर्गात सांगतो आणि तिच्यातलं चाक दरवर्षी थोडं आणखी लांब जातं. परवाच्या तुकडीत ते फाटकातून बाहेर पडून बस पकडण्याच्या बेतात होतं.) ती हँगरच्या दारात उभी होती, पाठीमागे दुपारच्या उन्हात विमान जिथे बंद पडलं होतं तिथेच उभं होतं, धावपट्टी सोडून वळल्यावर जेमतेम वीस पावलांवर. टाकीत चूळ भरण्याइतकं पेट्रोल उरलं होतं, असं मेकॅनिक म्हणाला. तिला सगळे पट्टी म्हणतात, कारण एक पारदर्शक पट्टी तिच्या केसांच्या गाठीत कायम खोचलेली असते. ती उपसून ती कधीही, कुठेही, कशावरही सरळ रेघ ओढू शकते. आज ती नकाशा घेऊन पहिल्यांदाच एकटी लांबच्या फेरीवर गेली होती आणि पन्नास मिनिटं उशिरा आली होती. त्या पन्नास मिनिटांत आगीचा बंब बाहेर निघाला होता, तिला शोधायला दुसरं विमान वर गेलं होतं, आणि मी तीन वेळा मुतारीत जाऊन काही न करता परत आलो होतो. आणि आता आल्या आल्या ती पाणी मागत नव्हती, रडत नव्हती, वाऱ्याला किंवा विमानाला दोष देत नव्हती. "दहा चोवीसला मी बरोबर तिथे होते," ती म्हणाली. "घड्याळ पाहिलं, नकाशा पाहिला, मग खाली पाहिलं. धुराडं नव्हतं. दोन घिरट्या घातल्या. तरी नव्हतं. मग तुम्ही सांगितलंय तसं कबूल केलं की मी हरवले, नदी गाठली आणि नदीच्या काठाने घरी आले." शेजारी उभे असलेले तिच्या तुकडीतले तिघे खो खो हसले. "अगं, एवढं मोठं धुराडं! आम्ही मंगळवारीच पाहिलं की," एक जण म्हणाला. "चष्मा लाव, चष्मा." मी हसलो नाही. त्या क्षणी त्या सबंध विमानतळावर एकच माणूस होता ज्याला पक्कं ठाऊक होतं की पोरगी खरं बोलतेय. कारण ते धुराडं मी बांधलं होतं.

बांधलं म्हणजे विटा-चुन्याने नव्हे. बावीस वर्षांपूर्वी, घरच्या जेवणाच्या टेबलावर, निळ्या शाईने. नकाशा छापणारं एक खातं असतं, आणि ते दरवर्षी प्रत्येक उड्डाणशाळेला एक छापील अर्ज पाठवतं: तुमच्या भागात काय नवं उभं राहिलं, काय पडलं, ते कळवा. आमच्या शाळेत हा अर्ज भरायचं काम माझ्याकडे, कारण मी नकाशा शिकवतो. नदीवरचा एक जुना पूल पुरात वाहून गेला होता. पहिल्या वर्षी मी कळवलं, पूल नाही. नव्या नकाशात पूल होता. दुसऱ्या वर्षी कळवलं, पूल खरोखरच नाही. उत्तर आलं, पडताळणी होऊ शकली नाही. तिसऱ्या वर्षी मी स्वतः खाली जाऊन, चिखलात उभा राहून, पूल नसलेल्या जागेचा फोटो काढून पाठवला, तर उत्तर आलं की फोटोत पूल दिसत नसल्यामुळे जागेची ओळख पटत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पाहिली होती, पण यांच्याकडे उंटही नकाशातला होता. त्या संध्याकाळी मी चौथा अर्ज भरायला बसलो आणि डोक्यात काय शिरलं कोण जाणे. पुलाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं: विटांचं धुराडं, बंद, उंची चाळीस मीटर, लांबून स्पष्ट दिसते. आणि जागा दिली नदीच्या वळणापासून पूर्वेला, एका उजाड माळावर, जिथे एक विहीर आणि तीन झाडं सोडली तर देवाने काही ठेवलेलं नव्हतं. मी एकटाच हसलो. म्हटलं, हे परत येईल, मग चार शब्द खमंग लिहून पाठवू. ते परत आलं नाही. पुढच्या नकाशात छापून आलं. काळा ठिपका, शेजारी छोटासा उभा दांडा, आणि उंची. पूलही होताच.

तेव्हाच पत्र टाकायला हवं होतं, हे मला सांगायची गरज नाही. माझ्या बायकोने ते अठरा वर्षं सांगितलं. पण त्याच आठवड्यात एक तुकडी एकट्याच्या फेरीला निघाली होती आणि तिचा मार्ग बरोबर त्या माळावरून जात होता. फेरीवर जाताना मुलांच्या मांडीवर एक तक्ता असतो: किती वाजता कुठली खूण दिसली पाहिजे, आणि खरोखर किती वाजता दिसली. दहाला उड्डाण, दहा अकराला रेल्वेचं फाटक, दहा सतराला नदीचं वळण, दहा चोवीसला धुराडं, दहा तेहेतीसला मोठा जलाशय. मी ठरवलं, पहिला पोरगा परत येऊन "सर, धुराडं नाही" म्हणाला की सगळ्यांना बसवून हा किस्सा सांगायचा, पोट धरधरून हसायचं आणि मग पत्र टाकायचं. पहिला पोरगा परत आला. त्याला आम्ही गुळगुळीत म्हणायचो, कारण त्याची दाढी, त्याचं बोलणं आणि त्याचं उतरणं, तिन्हींत कुठे खरखरीत जागा सापडायची नाही. त्याने तक्ता पुढे केला. धुराडं, दहा चोवीस. "दिसलं?" मी विचारलं. "स्पष्ट दिसलं सर," तो म्हणाला. "वरच्या टोकाला काळं आहे. थोडं डावीकडे कललंय." आता सांगा, माझ्यासारखा माणूस, जो ढगात तीन तास अडकून दाढी वाढवून बाहेर आला आहे, ज्याने वाट चुकल्यावर एका घारीला पत्ता विचारला आहे आणि जिने त्याला चुकीचा पत्ता दिला आहे, अशा माणसाला कुणीतरी त्याच्याच घरात शिरून थाप मारावी! मला थोडा हेवा वाटला. धुराडं कललंय हे मला सुचलं नव्हतं. मी सही केली. मग दुसरा आला, त्यालाही दिसलं. तिसऱ्याला त्यातून धूर निघताना दिसला, बंद धुराड्यातून. त्या दिवशी सहाच्या सहा जणांना दिसलं, आणि माझं हसू कुठेतरी घशात अडकलं ते आजतागायत खाली उतरलेलं नाही.

ज्याला लोक गंमत म्हणतात ती किती दिवस गंमत राहते? माझ्या हिशोबाने एक वर्ष. दुसऱ्या वर्षी ती सवय होते, आणि पुढे कधीतरी, आपल्याला न विचारता, तिचं हत्यार होतं. मी ते धुराडं चाळणीसारखं वापरायला लागलो. वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो: घड्याळ, नकाशा, जमीन. ह्याच क्रमाने. घड्याळ सांगतं तुम्ही कुठे असायला हवं, नकाशा सांगतो तिथे काय असायला हवं, मग जमिनीवर ते आहे का बघा. उलटं करू नका. जमिनीवर दिसलं ते नकाशात शोधायला गेलात तर सापडतंच. प्रत्येक तळ्यासारखं तळं असतं, प्रत्येक गावासारखं गाव. आणि ठरल्या वेळी ठरलेली खूण दिसली नाही तर पुढे एक मैलही जायचं नाही. दोन घिरट्या घाला, नाहीच दिसली तर स्वतःशी मोठ्याने म्हणा, मी हरवलोय. लाज बाळगू नका, वर ऐकायला कुणी नसतं. मुलं हसायची, लिहून घ्यायची, मला पाठीमागे बंडलसर म्हणायची, आणि दहा चोवीसला मुकाट्याने पुढे जायची. एकशे त्र्याऐंशी मुलं. मी मोजली आहेत. मी प्रत्येकाच्या तक्त्यावर सही केली आणि प्रत्येक सहीबरोबर एक माणूस मनातून पुसला. हुशार, गरीब, श्रीमंत, देवभोळे, शपथा घेणारे, आईच्या आजारपणात पाय चेपणारे, सगळे. बायको म्हणायची, "तुम्ही पोरांची परीक्षा घेताय की कुणाचा सूड उगवताय?" मी म्हणायचो, "एक जण नाही म्हणू दे. एक जण. त्या दिवशी पत्र टाकतो." ती म्हणायची, "आणि तो एक जण तुम्हाला आवडला नाही तर?" तिच्या बोलण्याला असं टोक असायचं, भाजी निवडता निवडता बोलायची आणि नंतर कळायचं की आपलंच देठ खुडलं गेलंय.

आता तो एक जण आला होता आणि केसांत पट्टी खोचून उभा होता. मी तिचा तक्ता हातात घेतला. दहा चोवीसच्या ओळीत तिने धुराडं या छापील शब्दापुढे फुली मारली होती, आणि शेजारच्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने, वरती थरथरत्या विमानात बसून, एक इवलंसं चित्र काढलं होतं. एक गोल विहीर. तीन झाडं. त्यातलं एक वाळलेलं. ते झाड तीन वर्षांपूर्वी वाळलं. मी वर्षातून एकदा एकटा तिकडून उडत जातो, का ते मला माहीत नाही, खुनी माणूस जागेवर परत जातो म्हणतात तसा. ते झाड वाळलंय हे जगात मला एकट्याला ठाऊक आहे असं मला वाटायचं. एवढ्यात गुळगुळीत आला. तो आता शाळेचा प्रमुख आहे, दाढी अजून तशीच. तिला शोधायला वर गेलेलं विमान त्यानेच नेलं होतं आणि उन्हाने त्याचा चेहरा लाल झाला होता. "उद्या दहाला माझ्या खोलीत," तो तिला म्हणाला. "सर, तुम्हीही या." मग तिच्यासमोरच, आवाज न चढवता, "खूण समोर असून दिसली नाही म्हणजे भरकटली. एकट्याने उडण्यास अयोग्य असा शेरा मला लिहावा लागेल." तो शेरा म्हणजे काय हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. तो एकदा वहीत पडला की कुठलीच शाळा दारात उभं करत नाही. पट्टीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मागत काही नव्हती. माणूस नकाशावरून मान उचलून जमिनीकडे बघतो ना, तसं.

घरी आलो. घर म्हणजे आता दोन खोल्या, एक फोन आणि ते जेवणाचं टेबल. पत्र लिहायला बसलो. बावीस वर्षं मनात पाठ असलेलं पत्र, पण पहिल्या ओळीपुढे जाईना, कारण पहिली ओळ लिहिली की एकशे त्र्याऐंशी तक्ते खोटे ठरणार होते, आणि त्यातला एक माझ्या मुलाचा होता. हो, चिरंजीवही. बारा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा होता. मी मुद्दाम त्याला त्याच मार्गावर पाठवलं. आदल्या रात्री बायको म्हणाली, "त्याला तरी नका," आणि मी म्हणालो, "त्याच्यासाठीच तर." तो परत आला, तक्ता पुढे केला. धुराडं, दहा चोवीस. माझ्या डोळ्यांत बघून हसला. मीही हसलो, सही केली, छान म्हणालो, आणि त्याच्यासाठी मनातलं दार लावून घेतलं. त्यानंतर तो काहीही बोलला की मला पलीकडे ते धुराडं दिसायचं. आता तो मोठी विमानं चालवतो, पाठीमागे दोनशे माणसं निर्धास्त झोपलेली असतात. त्याचा संसार मोडला, तेव्हा म्हणाला, "बाबा, माझी चूक नव्हती," मी मनात म्हटलं, दहा चोवीस. चार वर्षांपूर्वी त्याची आई गेली तेव्हा फोनवर म्हणाला, "बाबा, मी निघालोय पण वादळामुळे इथून एकही विमान सुटत नाहीये," आणि मी म्हटलं, बरं, असू दे. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. दारात उभा राहून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. विमानवाल्याला वादळाची सबब! मी स्वतः एवढी वादळं रचली आहेत की मला खरं वादळ ओळखू येत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

मी फोन उचलला. तो कुठल्या शहरातल्या कुठल्या हॉटेलात असतो याचं वेळापत्रक तो दर महिन्याला पोस्टाने पाठवतो आणि मी ते न वाचता टेबलाच्या काचेखाली सरकवतो. संध्याकाळचे पाच वाजले होते. त्याच्याकडे सकाळ असावी. ऑपरेटर बाईने दोनदा आडनाव विचारलं. मग त्याचा आवाज आला, घाबरलेला. "बाबा? काय झालं?"

"काही नाही. एक विचारायचंय."

"तुम्ही फोन केलात म्हणजे काहीतरी झालंच असणार."

"तू धुराडं पाहिलं होतंस?"

तारेत समुद्राचा असतो तसा आवाज. "बाबा, हे विचारायला परदेशी फोन?"

"पाहिलं होतंस की नाही?"

"कसं पाहणार? तिथे नाहीच ना ते."

मी खुर्चीत बसलो. "मग लिहिलंस का?"

"म्हणजे काय? तुम्ही बांधलं होतंत म्हणून." आणि मग तो हसायला लागला, लहानपणी हसायचा तसा, नाकातून. "मी टेबलावर शेजारीच बसलो होतो की. शाळेचा नकाशा रंगवत होतो. मी विचारलं, बाबा काय लिहिताय, तर तुम्ही म्हणालात, एक धुराडं बांधतोय, कुणाला सांगू नकोस. मी कुणालाही सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. एकदा वर गेलो, खाली पाहिलं, विहीर होती, झाडं होती. म्हटलं, वा! बाबांचं धुराडं! आता मी नाही लिहिलं तर उद्या चौकशी होणार आणि तुमचं नाव निघणार. म्हणून लिहिलं. तुम्ही सही करताना हसलात ना, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलंय की मला माहितीय." मग म्हणाला, "मला वाटायचं, आपलं दोघांचं ते एक गुपित आहे. नंतर तुम्ही कधी बोलला नाहीत. म्हटलं, गुपित म्हणजे बोलायचं नसतंच." मला वादळाबद्दल विचारायचं होतं. मी काचेखालचं वेळापत्रक बोटाने सरळ करत राहिलो. "बाबा, ऐकताय ना? खाली गाडी आलीय माझी. ठेवू?" "ठेव," मी म्हणालो. त्याने ठेवला, आणि मी बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून तो कोरडा आवाज ऐकत राहिलो. टेबलाच्या त्या कोपऱ्यावर हिरव्या रंगाचा एक डाग अजून आहे. बायकोने कितीदा घासला होता. मी रोज त्याच्यावर ताट ठेवतो.

झोप आली नाही हे सांगायला नको. माझ्या वयाला ती तशीही पाहुण्यासारखी येते, बसते न बसते तोच उठते. पण पडल्या पडल्या एक वाईट गोष्ट ध्यानात आली. मी त्या सगळ्यांना लबाड म्हणत होतो. पण त्यांना जमिनीआधी नकाशा बघायला शिकवलं कुणी? धुराडं असायला हवं, असं मनात पक्कं धरून ज्याने खाली पाहिलं, त्याला एखादा उभा खांब, वाळकं झाड, विहिरीची सावली, काहीही पुरलं असेल. गुळगुळीत थाप मारत नव्हता. त्याला खरोखर दिसलं असेल, टोकाला काळं, डावीकडे कललेलं. झाड तेव्हा वाळलेलं नव्हतं, पण माणसाला बघायला झाड लागतंच असं नाही. एकशे त्र्याऐंशीतले किती लबाड होते आणि किती नुसते आज्ञाधारक, हे आता कुणी सांगू शकणार नव्हतं. लबाड म्हणून ज्याच्याबद्दल मला खात्री होती तो एकच होता, आणि तो माझ्यासाठी लबाड झाला होता.

दहा वाजता गुळगुळीतच्या खोलीत चौघे होतो. तो, मी, पट्टी, आणि कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून, ज्याने माझ्या सगळ्या गोष्टी ऐकल्या आहेत आणि घारीची त्याची लाडकी आहे. टेबलावर जुन्या तक्त्यांच्या चार फायली रचलेल्या. पट्टीने नवा धुतलेला सदरा घातला होता, त्याच्या घड्या मोडल्या नव्हत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. पूल, चिखलातला फोटो, चौथा अर्ज, निळी शाई, विहीर, तीन झाडं. एकही शब्द वाढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट जशी घडली तशी सांगत होतो, आणि सांगताना माझ्याच कानांना ती लंगडी वाटत होती. कुठे थांबावं, कुठे आवाज खाली घ्यावा, काही सुचेना. मी संपवलं तेव्हा कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि डोळे पुसले. तो हसत होता. "फोटोत पूल दिसत नाही म्हणून ओळख पटत नाही! सर, हे घारीच्या वर गेलं."

"हे खरं आहे," मी म्हणालो.

"घारीचंही खरंच होतं की."

गुळगुळीत हसला नाही. पट्टी पुढे झाली. "सर," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी खोटं नका बोलू. प्लीज. मला नंतर कसंतरी होईल."

"अगं, तू पाहिलंस तेच खरं आहे! विहीर, तीन झाडं, एक वाळलेलं! मी कसं सांगतोय ते?"

"ते माझ्या तक्त्यावर आहे ना सर. तुम्ही काल पाहिलंत."

मी गुळगुळीतकडे वळलो. "चल, विमान काढ. वीस-पंचवीस मिनिटांत दाखवतो." तो उठला, मला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेला, जसं वडीलधाऱ्या माणसाला पायऱ्या उतरवतात. बाहेर कुणीतरी विमानाची काच पुसत होतं. तो इतक्या हळू बोलला की मला त्याच्या श्वासाचा वास आला. "सर, विमान काढलं की नोंद करावी लागते. नोंद केली की कारण लिहावं लागतं. मग त्या चार फायली उघडतात. त्यातली सगळ्यात खालची माझी आहे. पण माझं सोडा, मी आता टेबलावर बसतो. बाकीचे हवेत आहेत. खोटी नोंद म्हणजे परवाना रद्द, तुम्हीच शिकवलंत. चिरंजीव हल्ली कुठल्या विमानावर आहेत?" त्याच्या गुळगुळीत गालावर, कानाजवळ, वस्तऱ्यातून सुटलेला एक पांढरा केस मला पहिल्यांदा दिसला. त्याला माहीत होतं. आज कळलं की बावीस वर्षांपूर्वीच कळलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारून काय, तोही म्हणाला असता, स्पष्ट दिसलं सर.

मग तो खोलीकडे वळला आणि त्याचा आवाज पुन्हा सगळ्यांसाठीचा झाला. "पोरी, असं कर. पहिली एकटीची फेरी, माणूस घाबरतो. धुराडं डोळ्यांखालून गेलं असेल, घाईत लिहायचं राहिलं असेल, मग वाऱ्याने ढकलल्यावर तू नदी धरलीस, असं झालं असेल तर ती भरकट नाही, नुसता उशीर. समज देऊन सोडता येईल. पण दिसलंच नाही म्हणत असशील तर माझा इलाज नाही. मंगळवारी तिघांनी पाहिलंय. आधी एकशे ऐंशी जणांनी. तू एकटी नाही म्हणतेस." आणि मग माझ्याकडे बघून, प्रेमाने, "आणि सरांचं काय घेऊन बसायचं! बंडल होतं ना, सर?"

कारकुनाने पेन उचललं. पट्टी माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत अजूनही, त्या क्षणीसुद्धा, ठरल्या वेळी ठरलेली खूण शोधणाऱ्या माणसाचा धीर होता. दोन घिरट्या तिने मला दिल्या असाव्यात. मला त्या हॉटेलच्या खोलीतलं नाकातलं हसू ऐकू येत होतं. बाबांचं धुराडं.

"हो," मी म्हणालो. "बंडल होतं."

तिने मान खाली घातली, तक्ता पुढे ओढला आणि खोडरबर मागितलं. कारकुनाने दिलं. ती सावकाश खोडत होती, कागद फाटू नये म्हणून एका हाताने ताणून धरून. आधी फुली गेली, मग वाळलेलं झाड, मग दुसरी दोन, आणि शेवटी विहीर. रबराचे करडे कण तिने तळहातावर गोळा केले, टाकायला जागा सापडेना म्हणून खिशात घातले. दहा चोवीस लिहिलं. मग पेन्सिल थांबली. खूण कशी दिसली, हा शेजारचा रकाना सगळ्यांनी भरलेला असतो, रिकामा सोडून चालत नाही. तिने वर पाहिलं, गुळगुळीतकडे नाही, माझ्याकडे.

"सर," ती म्हणाली, "कसं दिसतं ते?"

"विटांचं आहे," मी म्हणालो. "टोकाला काळं. थोडं डावीकडे कललेलं."

ती लिहीत गेली. अक्षर सरळ, पट्टीने आखल्यासारखं. लिहून झाल्यावर तिने तक्ता माझ्यापुढे सरकवला, आणि मी सही केली.